मरणपंथाला लागलेल्या ब्रॅम्ली सफरचंदाचं कलम कसं बांधू?

कैरीपन्हं | १४ जानेवारी

नमस्कार मंडळी. आम्ही नॉटिंगहॅमशायरमध्ये राहतो, साउथवेलपासून सहा-सात मैलांवर. तीन वर्षांपूर्वी हे घर घेतलं, तेव्हा मागच्या अंगणात सफरचंदाचं एक जुनं झाड होतं. ब्रॅम्ली, म्हणजे शिजवून खायचं आंबट सफरचंद. शेजारच्या आजोबांचं वय ८३, आणि ते लहान असताना झाड असंच मोठं होतं म्हणतात. बुंधा माझ्या कवेत मावत नाही.

पहिल्याच ऑक्टोबरात आई सांगलीहून आली होती. तिनं एक फळ चिरून फोड जिभेला लावली आणि म्हणाली, "अगं, ही कैरीच की!" दुसऱ्या दिवशी मेथांबा केला. पहिल्या खेपेला सगळा लगदा झाला, कारण हे सफरचंद शिजलं की फेसासारखं विरघळतं. मग तिनं गुळाचा पाक आधी करून घेतला, फोडी शेवटी टाकल्या आणि लगेच गॅस बंद केला. तेव्हापासून दर वर्षी आमच्याकडे पाच-सहा बरण्या होतात.

गेल्या ऑक्टोबरात बुंध्याशी मधाच्या रंगाच्या अळंब्यांचे झुपके आले. साल जरा उचकटली तर आत पांढरा पापुद्रा, आणि वास थेट अळंबीचा. झाडं तोडणाऱ्या एका माणसाला दाखवलं. हनी फंगस आहे, दोन-तीन वर्षं काढेल, म्हणाला. एका बाजूच्या फांद्या उन्हाळ्यातच वाळल्या होत्या.

मला याच झाडाचं कलम करायचं आहे. आजवर कलम कधी बांधलेलं नाही. लहानपणी मामाला गुलाबाचा डोळा भरताना पाहिलंय, तेवढंच. काड्या आता, या थंडीत कापायच्या का? खुंट, म्हणजे ज्यावर काडी बांधायची ते मुळाचं रोप, कोणता घ्यायचा? बुरशी काडीतून नव्या झाडात जाते का? आणि एक काडी सांगलीला आईच्या परसात लावता येईल का?

---

पानगळ | १५ जानेवारी

एवढा खटाटोप कशाला? कुठल्याही रोपवाटिकेतून ब्रॅम्लीचं कलम आणा. ब्रॅम्लीच्या बियांतून पुन्हा ब्रॅम्ली उगवत नाही, सगळी कलमंच. म्हणजे दुकानातलं झाड आणि तुमचं झाड आतून एकच. जुनं काढून टाका, मुळं खणून काढा, नाहीतर बुरशी बाकीच्या झाडांनाही धरेल.

---

गावखडी | १५ जानेवारी

पानगळ यांचं शेवटचं वाक्य अगदी बरोबर आहे, ते आधी मनावर घ्या. आतून एकच झाड, हेही खरं. तरी मी म्हणेन, कलम बांधाच. एक म्हणजे झाड ब्रॅम्लीच आहे याची तुम्हाला खात्री आहे का? इथल्या जुन्या अंगणांत ब्रॅम्ली समजून जपलेलं झाड भलत्याच जातीचं निघालेलं मी दोनदा पाहिलंय. उन्हाळ्यात पानं पाठवून डीएनए तपासून घेता येतं. तोवर आईंच्या मेथांब्याचं फळ या एकाच झाडावर आहे असं धरून चाला. दुसरं म्हणजे तुमचं घर साउथवेलच्या जवळ आहे. तिथेच १८०९ साली मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीनं घरामागे बी पेरली आणि त्यातून पहिलं ब्रॅम्ली उगवलं. पुढे १८४६ मध्ये ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली नावाच्या खाटकानं घेतलं. १८५६ मध्ये हेन्री मेरीवेदर हा तरुण काड्या मागायला आला, तेव्हा ब्रॅम्लींनी हो म्हटलं, पण फळाला माझं नाव द्यायचं या अटीवर. बी पेरणाऱ्या मुलीचं नाव राहिलं बाजूला. मला दर वेळी त्याची चुटपुट लागते. त्या मूळ झाडालाही हनी फंगसनंच धरलं. झाड जायला लागलं तरी जात उरली, ती काड्यांमुळे.

आता कामाचं. मी रत्नागिरीकडचा, गावखडीचा. वडील पावसाळ्यात हापूसची कोय कलमं बांधायचे, मी आठवीपासून त्यांच्या हाताखाली. गेली बावीस वर्षं केंटमध्ये आहे. घरामागे ११ सफरचंदं आहेत, सगळी स्वतः बांधलेली. इथे आलो तेव्हा वाटलं, कलम म्हणजे कलम, त्यात मला कोण काय शिकवणार. पहिल्या वर्षी मे महिन्यात, झाडं छान फुटलेली पाहून, नऊ कलमं बांधली. काप सुरेख बसले होते. तीन आठवड्यांत नऊच्या नऊ वाळली.

कारण समजायला मला वर्ष लागलं. आंब्याची काडी जागी, म्हणजे फुटायच्या बेतात असलेली हवी. वडील काडी कापायच्या आठ-दहा दिवस आधी तिची पानं खुडून नुसती देठं ठेवत. देठं बोटाच्या धक्क्यानं गळू लागली आणि शेंड्याचा डोळा टपोरला की काडी तयार. ती कोवळ्या, तांबूस कोयरोपावर बांधायची. पावसाळी हवेत ओल इतकी की काडी सुकत नाही. सफरचंदाचं नेमकं उलटं. काडी गाढ झोपलेली हवी आणि खुंट जागा व्हायला लागलेला हवा. काडी आधी जागी झाली तर स्वतःतलं पाणी खर्चून पानं काढते, खालून पाणी यायचा रस्ता अजून जुळलेला नसतो, आणि ती मरते. मे महिन्यात मी नेमकं हेच केलं होतं.

म्हणून काड्या आता कापायच्या, येत्या पंधरा दिवसांत. दिवस कोरडा बघा, बर्फ कडकडीत असेल तेव्हा नको. गेल्या उन्हाळ्यात वाढलेली फूटच हवी, पेन्सिलीएवढी जाड, डोळे सालीला चपटे टेकलेले. म्हाताऱ्या झाडावर अशी फूट मिळणं हीच मोठी अडचण असते. बुंध्याजवळ शोधू नका. शिडी लावून वर, दक्षिणेकडच्या उन्हातल्या फांद्यांवर बघा, तिथे सरळसोट वर गेलेले फुटवे मिळतील. हनी फंगस मुळांत आणि बुंध्यात राहतो, शेंड्याच्या धडधाकट काडीतून तो येत नाही. कँकर हा सालीचा रोग मात्र काडीतून येतो, तेव्हा साल खोल गेलेली, वर्तुळात फाटलेली फांदी दिसली तर ती सोडा. वाळलेल्या बाजूच्या काड्या अजिबात घेऊ नका.

दहा-बारा काड्या घ्या. ओलसर वर्तमानपत्रात गुंडाळा, पिशवीत घाला, वर जात आणि तारीख लिहा, फ्रिजमध्ये ठेवा. आणि त्या फ्रिजमध्ये सफरचंदं, केळी ठेवू नका! पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू निघतो, त्यानं डोळे आतल्या आत मरतात. दुसऱ्या वर्षी माझ्या सगळ्या काड्या भाजीच्या खणात सफरचंदांशेजारी होत्या. बाहेरून हिरव्यागार दिसत होत्या, फुटली एकही नाही.

खुंटाचं. इथले बहुतेक खुंट ईस्ट मॉलिंगच्या संशोधन केंद्रातून आले, म्हणून त्यांच्या नावात एम. ते केंद्र इथे केंटमध्येच १९१३ साली सुरू झालं. झाड किती वाढेल ते मुख्यतः खुंट ठरवतो. एम ९ वर झाड दोन-अडीच मीटर राहतं, पण मुळं दुबळी, जन्मभर खांबाला बांधून ठेवावं लागतं आणि आजूबाजूचं गवत सोसत नाही. एमएम १०६ वर चार मीटर आणि वर. मधला एम २६. आता ब्रॅम्लीचा स्वभाव धरा, ते त्रिगुणित आहे, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच, आणि अंगानं दांडगं. दुसऱ्या जाती एमएम १०६ वर जितक्या वाढतात, त्याहून ब्रॅम्ली वाढतं. अंगण लहान असेल तर एम २६ घ्या. उघड्या मुळांचे खुंट मार्चपर्यंत मिळतात. सहा मागवा, सहातले तीन लागले तरी आनंद माना.

आणि एकटं ब्रॅम्ली लावून भागत नाही. त्रिगुणित असल्यामुळे त्याचा पराग कुणाच्या उपयोगाचा नाही, आणि त्याला स्वतःला मात्र दुसऱ्याचा पराग लागतो. जवळपास त्याच सुमारास फुलणारं झाड हवं. जेम्स ग्रीव्ह किंवा डिस्कव्हरी चालेल. शेजाऱ्यांकडे क्रॅब ॲपल असलं तरी मधमाश्या काम करतात. आजवर तुमच्या झाडाला फळ येतंय म्हणजे कुणीतरी आसपास आहेच, शेजारच्या आजोबांच्या अंगणात एप्रिल-मेमध्ये डोकावून बघा.

बांधायचं कसं ते मार्च उजाडला की सविस्तर लिहितो. तोवर एक अभ्यास करा. छाटणीत निघालेल्या फांद्यांवर रोज दहा काप मारा. चाकू एकाच बाजूनं धार असलेला घ्या, ब्लेडसारखी धार हवी. काडी छातीशी धरून, मनगट न हलवता अख्खा हात मागे ओढत एका झटक्यात दीड इंची तिरका काप. करवतल्यासारखं पुढे-मागे करायचं नाही. दोन काप समोरासमोर लावून खिडकीकडे धरा. मधून उजेड दिसला तर काप सपाट नाही. अंगठ्याला आधी चिकटपट्टीचे चार वेढे द्या, हे विसरू नका.

---

सिन्नरकर | १६ जानेवारी

सांगलीच्या प्रश्नाचं मी सांगतो. ताई, ब्रॅम्ली सांगलीला होणार नाही. त्याला हिवाळाभर लांब थंडी लागते. ती न मिळाल्यास डोळे उघडतच नाहीत, झाड नुसतं खुरटं उभं राहतं. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात न्यूटनच्या झाडाचं कलम लावलं होतं, तुम्ही ऐकलं असेल. कौतुकानं लावणं निराळं आणि परसात फळ खाणं निराळं.

आईंना सफरचंद हवंच असेल तर एचआरएमएन ९९ लावा. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी कमी उंचीवर, गरम हवेत येणारी ही जात निवडून काढली. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अ‍ॅना आणि डॉर्सेट गोल्डन याही कमी थंडीच्या. अ‍ॅना इस्रायलची, डॉर्सेट गोल्डन बहामातली. माझ्याकडे तिन्ही मिळून १४ झाडं आहेत, पाचवं वर्ष. डिसेंबरच्या शेवटी मी हातानं सगळी पानं काढतो आणि पाणी तोडतो, म्हणजे झाडाला विश्रांती मिळते. फुलं जानेवारी-फेब्रुवारीत, फळ मे-जूनमध्ये. चव चांगली, पण काश्मिरी सफरचंदाशी तुलना करायला गेलात तर निराश व्हाल. उन्हानं फळाची एक बाजू भाजते, म्हणून मी पश्चिमेला हिरवी जाळी लावतो. आणि काळ्या जमिनीत पाणी साचलं की मुळं कुजतात. सांगलीकडची जमीन भारी, तेव्हा उंच गादीवाफा करूनच लावायला सांगा.

आणखी एक. काडी बॅगेत घालून आणू नका. परदेशी रोपं-काड्या आणायच्या तर भारतात २००३ च्या आदेशाप्रमाणे आयात परवाना आणि तिथल्या सरकारचं पीकस्वास्थ्य प्रमाणपत्र लागतं. यात विनाकारण जाच आहे असं समजू नका. सफरचंदाचा फायर ब्लाइट हा जिवाणूचा रोग, विषाणू असल्या गोष्टी काडीतूनच देशोदेशी गेल्या.

---

कैरीपन्हं | २ फेब्रुवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल शिडी लावून अकरा काड्या काढल्या. गावखडीकाका (काका म्हटलं तर चालेल ना?), तुम्ही म्हणालात तशाच, वरच्या बाजूला सरळसोट चार फुटवे होते. फळं आता गॅरेजमध्ये आणि फ्रिजमध्ये फक्त काड्या. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्यानं पिशवीवर "आजीची कैरी" असं लिहिलंय. सिन्नरकर, आईला एचआरएमएनचं सांगितलं. तिला जमिनीची चिंता होतीच, उंच वाफ्याचं ऐकून बरं वाटलं तिला.

नवी झाडं लावायची कुठे हा प्रश्न उरलाय. अंगण चाळीस फूट लांब, जुनं झाड घराकडून वीस फुटांवर.

---

गावखडी | ३ फेब्रुवारी

काका म्हणा की. साठी उलटली आता.

जुन्या जागी सफरचंद लावायचं नाही, तिथली मातीही उचलून दुसरीकडे टाकायची नाही. हनी फंगस काळ्या बुटाच्या नाडीसारख्या दोऱ्यांनी जमिनीतून सरकत जातो. त्यावर घरच्या बागेत मारायचं औषध नाही. झाड पडेल तेव्हा बुंधा आणि जाड मुळं जितकी निघतील तितकी काढा आणि जाळा. नवी कलमं अंगणाच्या अगदी लांबच्या टोकाला, आणि मधे जमिनीत उभा जाड रबरी पडदा गाडा, ४५ सेंटीमीटर खोल, वर दोन-तीन सेंटीमीटर दिसू दे. दोन कलमं एकमेकांपासून १२ फुटांवर. पहिली दोन वर्षं मोठ्या कुंडीत वाढवलीत तरी चालेल, मला तर तेच बरं वाटतं. तेवढ्यात जुन्या झाडाचं काय होतं तेही कळेल.

---

गावखडी | २१ मार्च

माझ्याकडच्या खुंटांचे डोळे टपोरू लागलेत. तुमच्याकडे अजून आठवडा लागेल. खुंटाच्या डोळ्याचं टोक हिरवं दिसलं की बांधा.

खुंट जमिनीपासून वीतभर वर कापा. दीड इंची तिरका काप, काडीच्या बुडालाही तसाच. आता दोन्ही कापांवर, टोकाकडून एक तृतीयांश अंतरावर, उभ्या रेषेत खाली अर्धा इंच चीर द्या. त्या चिरीनं जीभ सुटते. काडीची जीभ खुंटाच्या जिभेत सरकवायची. बरोबर बसली तर हात सोडला तरी काडी उभी राहते. यालाच जिभली कलम म्हणतात.

जुळवायचं काय, ते नीट पाहा. बाहेरची तपकिरी साल नाही आणि मधलं लाकूडही नाही. सालीच्या आतल्या अंगाला नखाएवढ्या जाडीचाही नाही असा हिरवट ओला थर असतो, बोटाला किंचित बुळबुळीत लागतो. जीव फक्त तेवढाच. खुंट जाड आणि काडी बारीक असेल तर काडी मधोमध ठेवू नका. एका कडेला सरकवा, म्हणजे निदान एका बाजूला थर थराला भिडेल. वडील म्हणायचे, सालीला साल दिसायला जुळली आणि आत थर चुकला तर ते कलम नव्हे, नुसती गाठोडी. जुनी साल जाड असते, त्यामुळे बाहेरून सरळ दिसलेलं आतून हमखास चुकतं. मी अजूनही चष्मा लावून आतली रेघच बघतो.

काडीवर तीन-चार डोळे पुरे. सांध्यावर कलमाची पट्टी गुंडाळा, खालून वर, ताणून, एकावर एक अर्धी चढवत. काडीच्या वरच्या कापाला मेण. मग हात लावायचा नाही. लागलं का म्हणून हलवून पाहणाऱ्यांची कलमं मी मोडलेली पाहिली आहेत.

लावताना सांधा मातीच्या वर किमान चार इंच. माझ्या एका झाडाला मी दर वर्षी कुजलेला पालापाचोळा बुंध्याशी घालत गेलो, सांधा हळूहळू झाकला गेला, आणि काडीनं स्वतःची मुळं सोडली. बुटका खुंट निकामी झाला. आठ फुटांचं व्हायचं ते झाड आज पंधरा फूट आहे, आणि त्याच्या सावलीत माझं एग्रेमाँट रसेट जातीचं सफरचंद खुरटलं.

खुंटावर खाली फुटवे येतील, ते कोवळे असतानाच बोटानं खुडत जा. ब्रॅम्लीच्या बऱ्याच फळकळ्या फांदीच्या टोकाला येतात, त्यामुळे पुढे छाटणी करताना सगळेच शेंडे उडवू नका.

---

कैरीपन्हं | १० मे

काका, २९ मार्चला सहा बांधली. दोन काळी पडली, त्यातल्या एकात आतला थर चुकला होता, सोडून पाहिल्यावर दिसलं. चार फुटली! पट्टीखाली सांधा जाड झालाय. एका काडीवर पानांच्या मधून चक्क फुलांचा गुच्छ आलाय, पाच कळ्या, बाहेरून गडद गुलाबी, एक उमललेली. आणि म्हाताऱ्या झाडालाही उरलेल्या बाजूला भरभरून फुलं आहेत.

कलमावरची फुलं ठेवू का? मुलगा रोज शाळेतून आला की आधी तिकडे धावतो.

---

गावखडी | १० मे

चार म्हणजे फार छान हात आहे तुमचा!

फुलं खुडा, आजच. कात्रीनं फक्त फुलाचे देठ, खालच्या पानांना धक्का न लावता. सांध्यातून आत्ता जेमतेम पाणी चढतंय, ते पानांना हवं. पुढची दोन वर्षंही फळ धरू देऊ नका. जुलैत पट्टी मागच्या बाजूनं उभी चिरा, नाहीतर खोडात रुतते.

मुलाला हवं तर त्या कळ्या पाण्याच्या वाटीत ठेवून द्या, दोन-तीन दिवसांत उमलतात.

---

कैरीपन्हं | ११ मे

खुडली. त्यानंच खुडली, कात्री मी धरली होती. वाटी स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली, तर ती म्हणाली, यंदा म्हाताऱ्या झाडाच्या कैऱ्या सगळ्या उतरवून ठेव, मी सप्टेंबरचं तिकीट काढते.